चिमणीला भूक लागली

४ जानेवारी

पोचलो एकदाच्या. गाडीतून उतरताना मोठीच्या गुडघ्याने असा काही कटकन आवाज केला, की दाराचं काही मोडलं का म्हणून ड्रायव्हर वळून बघायला लागला. तिथून जी हसायला सुरुवात झाली ती अजून थांबलेली नाही.

सहलीचं लिहायचं काम माझ्याकडे आलंय, कारण शाळेत निबंध मी लिहायचे आणि बाकीच्या तिघी उतरवून घ्यायच्या. पुढेमागे पोरंबाळं वाचतील, तर आधी ओळख करून देते. मोठी आमच्यात चार महिन्यांनी मोठी आहे आणि तेवढ्या भांडवलावर ती आयुष्यभर आम्हाला दटावत आलीय. आता शाळेची मुख्याध्यापिका झाली, म्हणजे स्वभावाला हुद्दा मिळाला. वहिनी आधी मैत्रीणच. माझ्याकडे वह्या मागायला यायची आणि जाताना माझा दादा घेऊन गेली. तेव्हापासून मी तिला वहिनी म्हणते आणि माझं ऐकून या दोघीही. ती बँकेत आहे. दिवसभर लोकांच्या नोटा हाताळून तिला स्वच्छतेचं वेड लागलंय, शेजारी कोणी शिंकलं तरी खुर्ची बदलते. मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली असते. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात नळी धरून लाळ ओढतेय, म्हणून माझं नाव बत्तिशी.

राहिली चिमणी. हे नाव अंगकाठीवरून पडलं, भुकेवरून नव्हे. हॉस्टेलात आम्हा तिघींच्या ताटातलं उरलेलं सगळं तिच्या पोटात जायचं. तिचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, भर दुपारी, जेवता जेवता. घास तोंडातच राहिला. तेव्हापासून हिच्या घशाखाली अन्न उतरत नाही. भात चिवडते आणि ताट पुढे सारते. घड्याळाचा पट्टा कोपरापर्यंत सरकतो, इतकी वाळलीय. ही सहल तिच्यासाठीच आहे. मोठीने आम्हाला बजावलंय: आग्रह करायचा नाही, रडायचं नाही, नुसतं तिच्यासमोर बसून भरपूर खायचं. असलं औषध मला रोज चालेल.

घर बसकं, पांढरं, समुद्राकडे तोंड करून आहे. व्हरांडा उतरला की वाळूच. खाऱ्या हवेने पंख्याची पाती गंजलीत, उशा जराशा दमट लागतात, पण खिडकी उघडली की सगळं माफ. घरमालक मागे राहतात. साठीचे, गोलमटोल, तोंडभर हसणारे. किल्ली देताना म्हणाले, पोहायला समोरचा किनारा उत्तम, डावीकडच्या खडकांवर मात्र जपून, घसरडं आहे. मी म्हटलं, आमच्यातल्या एकीचे गुडघे आधीच बोलायला लागलेत, आम्ही कशाला खडकांवर जातो.

संध्याकाळी चौघी हात धरून पाण्यात उभ्या राहिलो. लाट आली की ओरडायचं, हा शाळेपासूनचा नियम. चिमणीही ओरडली. मोठीने माझ्याकडे बघून डोळा मारला.

५ जानेवारी

गेलोच खडकांवर.

ओहोटीला पाणी पार आत गेलं आणि खडक उघडे पडले. लांबून ते गुलाबी दिसत होते. चिमणी म्हणाली, फुलं आलीत बहुतेक. जवळ गेलो तर फुलं नव्हती. सगळ्या खडकाला मांसल उशा चिकटल्या होत्या. काही तळहाताएवढ्या, काही परातीएवढ्या, एकीला एक लागून. ओल्या, चकचकीत. प्रत्येकीच्या मधोमध एक फट, घट्ट मिटलेली. मला त्या पाहताक्षणी ओळखीच्या वाटल्या, आणि का ते लक्षात आल्यावर बरं वाटलं नाही. हिरड्या. सगळे दात काढून झालेल्या माणसाचा जबडा उघडला की दिसतात, तशाच. तोच रंग आणि त्याच बारीक निळसर शिरा.

मोठीने छत्रीच्या टोकाने एक दाबली. फट उघडली आणि पाण्याची चिळकांडी उडाली. वास जरा मागाहून आला. न धुतलेल्या कवळीचा वास माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. त्यात मासे धुतलेलं पाणी मिसळून ते उन्हात ठेवलं तर जे होईल, तो हा वास. वहिनी वळली आणि थेट न्हाणीघरात गेली.

चिमणी मात्र वाकून बघत बसली. चपला तिच्या हातात होत्या. मऊ आहे गं, असं म्हणत तिने एका उशीवर पाय टेकवला आणि तेवढ्यात तिचा तोल गेला. पाय आत रुतला. ओढून काढला तेव्हा तळव्याच्या खळग्यात एक चीर पडली होती, शिंपल्याने कापल्यासारखी. थेंबभर रक्त आलं. घरी येऊन मी धुतलं, मलम लावलं, पट्टी बांधली. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाली. गुदगुल्या होतात, म्हणाली.

६ जानेवारी

आज मोठी एकटी मागच्या अंगणात जाऊन रडून आली. आनंदाने. चिमणी जेवली.

सकाळी आम्ही चहा-पाव घेत होतो आणि ती उठून आली, समोर बसली, पाव उचलला. आम्ही तिघी श्वास रोखून बाहेर समुद्राकडे बघत राहिलो. पाव संपला, दुसरा संपला, मग तिने उकडलेल्या अंड्यांचं भांडंच पुढ्यात ओढलं. दुपारी भात आणि मासे. आमच्या तिघींच्या ताटातलं उरलेलं ओढून घेतलं, अगदी हॉस्टेलातल्यासारखं. बोटं चाटून झाल्यावर म्हणाली, "अजून आहे का गं?"

हे चार शब्द ऐकायला आम्ही एवढ्या लांब आलो होतो. वहिनीने लगेच दादाला फोन करून सांगितलं. दादा म्हणे, समुद्राची हवा, दुसरं काय.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. जेवणाआधी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा चिमणी ओट्याशी पाठमोरी उभी होती. कापून ठेवलेल्या कच्च्या माशाचा एक तुकडा तिच्या गालात होता. मला बघून तिने तो चावला नाही, नुसता इकडचा तिकडे केला, लहान मूल गोळी लपवतं तसा. ओठाच्या कोपऱ्यातून गुलाबी पाणी हनुवटीवर आलं.  मोठीला सांगितलं तर ती म्हणाली, खाऊ दे गं, दोन वर्षांचा उपास आहे.

खरं आहे. खाऊ दे.

८ जानेवारी

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण ते पाहिल्यावर काही उचलून हातात धरावंसंही वाटेना.

दोन दिवस आमच्या खोलीत घाण वास येत होता. आधी वाटलं मोरी तुंबलीय. वहिनीने फिनेल ओतून फरशी घासली, गाद्या उन्हात टाकल्या, पलंगाखाली मेलेला उंदीर शोधला. वास तिथलाच. मग काल दुपारी चिमणी झोपली होती, पाय पलंगाबाहेर, आणि मी तिच्या पायाशी वाकले. वास पट्टीचा होता.

पट्टी ओली गच्च झाली होती. सोडली तर तिच्याबरोबर चिकट तार लांबत आली, तुटेना. पू असता तर मला काहीच वाटलं नसतं. हा पू नव्हता. लाळ होती. लाळ मी डोळे मिटूनही ओळखते.

चीर मिटलेली नाही आणि चिघळलेलीही नाही. तिच्या दोन्ही कडा जाड होऊन बाहेर वळल्यात. गुलाबी, गुळगुळीत, ओल्या. खडकावर होतं ते तिच्या तळव्यात आहे. मी हातमोजा घालून कडेला बोट लावलं. कडा हलली. मग त्या चिरेने माझं बोट आत ओढून धरलं आणि चोखलं. तान्हं मूल चोखतं तसं, चुटुक आवाज करत. मी बोट ओढून घेतलं तर हातमोजा आतच राहिला आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू नाहीसा झाला.

मी मोरीत जाऊन ओकले. तोंड धुऊन परत आले तोवर चिमणी उठून बसली होती. लाजली. म्हणाली, चोखल्यावर बरं वाटतं.

मोठीला दाखवलं. तीही पांढरी पडली, पण तिचं प्रेम नेहमी कामाला लागतं. बादलीभर समुद्राचं पाणी आणून तिने चिमणीचा पाय त्यात ठेवला आणि उघड्या हातांनी चोळून धुवायला बसली. मी हातमोजे पुढे केले. एवढ्या पोरांची नाकं पुसलीत मी, म्हणाली. वहिनी दारातूनच बघत होती, नाकाला ओढणी लावून. उद्या डॉक्टर.

९ जानेवारी

गावातला दवाखाना म्हणजे एक खोली, एक टेबल, एक दिवा. डॉक्टर तरुण, हसतमुख. शिंपल्याचा तुकडा राहिला असेल, मग असं होतं, म्हणाला. मी दिवा धरला. त्याने चिमट्याने कडा बाजूला केल्या. आत पांढरं, टणक काहीतरी चमकलं. तो म्हणाला, हा बघा तुकडा.

तो तुकडा नव्हता. माझा स्वतःवर विश्वास बसेना. हिरडीतून नुकताच वर आलेला दात होता तो. पुढचा, दुधाचा. त्याच्या शेजारी दुसऱ्याची जागा फुगली होती.

त्याने चिमट्याने तो धरून ओढला. चिमणीला काही दुखलं नसावं, ती टेबलावर पडून डबीतला खारवलेला मासा खात होती. पण पाय आवळला गेला. कडा चिमट्यावर मिटल्या. डॉक्टरने जोर लावला, मी नीट दिसावं म्हणून वाकले, आणि चिळकांडी उडाली ती सरळ माझ्या तोंडावर. तोंड उघडं होतं माझं. कोमट, खारट, आणि मागून गोडसर. थोडं गिळलं गेलं.

मी बेसिनमध्ये इतकी ओकले की शेवटी नुसतं पिवळं पाणी यायला लागलं. अजूनही जिभेच्या मुळाशी ती चव आहे. मीठ-पाण्याने, दंतमंजनाने, लिंबाने, कशानेही जात नाही.

डॉक्टर खूप वेळ हात धूत राहिला. मग आमच्याकडे न बघता म्हणाला, हे माझ्या आवाक्यातलं नाही, शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्या, उद्याच न्या. फी घेतली नाही. आम्ही पायरी उतरलो नाही तोच मागे दार बंद झाल्याचा आवाज आला.

१० जानेवारी

नेता आलं नाही.

सकाळी गाडी केली. चिमणी मुकाट्याने बसली, मांडीवर पावाची पिशवी. रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने होता तोवर ठीक. मग टेकडी चढून पलीकडे उतरलो, समुद्र दिसेनासा झाला आणि तिला धाप लागली. पाय कोरडा पडत चालला. त्या गुलाबी कडा सुकून तडकायला लागल्या, चपलेच्या जुन्या चामड्यासारख्या, आणि तडकल्या तिथून घट्ट, करड्या रंगाचं काहीतरी गाडीत गळायला लागलं. वास असा सुटला की ड्रायव्हर गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला ओकला. चिमणीचे डोळे वर गेले होते.

मी म्हटलं, थांबायचं नाही, पुढे चला. मोठी म्हणाली, मागे फिरवा. आमचं कडाक्याचं वाजलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच मी मोठीला उलटून बोलले. ती म्हणाली, "ती मरतेय, तुला दिसत नाही?" आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. तोवर हात तिने टॉवेलात गुंडाळून ठेवले होते. टॉवेल सुटला. मी तिचे तळवे बघितले.

दोन्ही तळवे. दोन्ही तळव्यांवर, मधोमध.

मोठीने माझ्याकडे बघितलं आणि टॉवेल पुन्हा गुंडाळला. चूक पकडली गेलेल्या पोरीसारखा चेहरा झाला तिचा. वहिनी दाराला चिकटून बसली, डोळे मिटून, ओठ हलत होते.

परत आलो. ड्रायव्हर आम्हाला फाटकाशी सोडून, सीटवरचं कापड काढून फेकून निघून गेला. चिमणी लंगडत, जवळजवळ धावत पाण्यात गेली आणि गळ्यापर्यंत बसली. मी तिच्याजवळ गेले. तिला म्हटलं, चिमणे, आपण दुसऱ्या डॉक्टरला इथे बोलावू, ते कापून काढू.

ती म्हणाली, "दोन वर्षांनी मला भूक लागलीय, बत्तिशी. ती काढू नकोस."

 तिच्या गालांवर रंग आलाय. खरंच आलाय. मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि तिचा हात सोडवतही नव्हता.

११ जानेवारी

चिमणी आणि मोठी काल संध्याकाळी आत आल्याच नाहीत. सकाळी खडकांवर दिसल्या. शेजारी शेजारी बसलेल्या, पाय पसरून, सहलीला आल्यासारख्या.

मी भात घेऊन गेले. दुपारचं ऊन, सगळे खडक वाफाळत होते. मोठीने मला बघितलं आणि टोपी कुठेय, ऊन लागेल ना, म्हणून झापलं. तोच आवाज, तोच सूर. पण तिचे तळवे खडकावर टेकलेले होते ते उचलेनात. बोटं कुठे संपतात आणि उशी कुठे सुरू होते, कळत नव्हतं. चिमणीच्या मांड्यांखाली सगळं एकजीव झालंय. गाऊनचं कापड त्यात अर्धं गेलंय, फुलांची नक्षी आतून पुसट दिसते. त्यांच्यामध्ये एक खेकडा आला. एक फट उघडली. कुरकुर आवाज आला बराच वेळ. चिमणीने डोळे मिटून घेतले आणि समाधानाने ढेकर दिली.

मी मागे सरले. पाय घसरून एका मोठ्या उशीवर बसले. ती माझ्याखाली दबली, उघडली. आत दात होते. लहान नव्हते, मोठ्या माणसाचे. एका दाढेत चांदीचं भरण होतं.

चांदीचं भरण समुद्रात उगवत नाही. ते कोणीतरी खुर्चीत बसून, तोंड उघडून, माझ्यासारखीच्या हातातल्या नळीखाली करून घेतलेलं असतं. मी पुढची उशी दाबली. तिसरी. एकीत सोन्याची टोपी. एकीत वेडेवाकडे दात सरळ करायची तार, म्हणजे वयाने कोवळंच कोणीतरी. सगळा खडक. पाणी पार तिकडे जातं तिथपर्यंत.

घरमालकांकडे धावत गेले. ते कुंपणापलीकडूनच बोलले. नेहमीसारखे हसले. पाहुणे तिथे रमतात, म्हणाले. कोणी ओढून नेत नाही हो. मी तर सांगितलं होतं घसरडं आहे.

वहिनीने दादाला फोन लावलाय. तो गाडी घेऊन निघाला. तिने त्याला एवढंच सांगितलं की आम्हाला घ्यायला ये. बाकीचं तिच्याने बोलवेना.

१२ जानेवारी

वहिनी सकाळी म्हणाली, दादा यायच्या आत दोघींना सोडवायचं. तिच्यासारखीने हे म्हणावं. हातमोज्यांचे दोन-दोन जोड, तोंडाला फडकी, रबरी चादर. ओहोटीला गेलो.

चिमणीला काखेत धरून ओढलं. निघाली. वरची निघाली, म्हणजे कातडी. दूध तापून वर साय यावी आणि चमच्याला सगळी एकदम यावी, तशी पाठीवरून माझ्या हातात — खाली रक्त नव्हतं. खाली गुलाबी, चकचकीत, आणि फटी. सगळ्या पाठभर. सगळ्या एकदम उघडल्या —

मोठी ओरडत होती. तोंडाने नाही. तळव्यांनी.

वहिनीला मी ढकलत घरी आणलं. ती अंग घासतेय, तीन तास झाले, कातडी लाल झाली. तिला कुठे काही लागलेलं नाही. मी तिला सगळीकडे तपासलं, बोटांच्या बेचक्यांत, कानांमागे. ती स्वच्छ आहे. देवाची कृपा. ती स्वच्छ आहे.

तिने मला तपासते म्हटलं. मी नको म्हटलं.

१२ जानेवारी, संध्याकाळी

भरती आलीय. खडक दिसत नाहीत.

मला दुपारपासून वास येत नाहीये. हातांवर वाळलेलं ते सगळं अजून आहे, नाकापाशी नेलं. काहीच नाही. बरंच झालं म्हणायला हवं —

कच्ची अंडी खाल्ली. उभ्या उभ्या, कवचासकट. वहिनीला कळू दिलं नाही.

१३ जानेवारी

सकाळी आरशात तोंड बघितलं. दवाखान्यात बघते तसं, छोटा आरसा आत धरून. दात वरचे सगळे हलतायत. हिरड्या खाली उतरल्यात, दातांवरून. जिभेखाली एक फट. तिच्यात —

नाही लिहीत.

फाटकाजवळच्या कठड्यावर येऊन बसलेय. घरात नको, वहिनी आहे.

दुपार

तोंड उघडत नाही आता. वरचं-खालचं एकमेकांत रुतलंय. नाकाने श्वास चालू आहे. भूक — इतकी भूक मला कधीच —

गाडीचा आवाज. दादाचीच.

वहिनी धावत गेली, मागच्या सीटवर बसली, काचा वर केल्या. बरं केलं. ती घरी जाईल.

दादा उतरला. माझ्याकडे बघून हसला. लहानपणी हसायचा तसा. हाका मारतोय, काय गं, रुसलीस का, बोलत का नाहीस. मला बोलता येत नाही, दादा. उठून लांब जायला हवं, पण कठड्याला खाली सगळं —

दादा, हे वाच. मी वही वर धरते. वाच आधी. जवळ येऊ नकोस. तिला घेऊन जा, मागे बघू नकोस, मोठीच्या घरी काहीही सांग. मला उचलायला वाकू नकोस. तो वाकतोय — वाचायचा चष्मा नाही त्याच्या डोळ्यांवर — दादा हात नको ला